साथीचं पाकीट

“आता खराड्यांचं पाकीट,” म्हणत शिकलगार भाऊसाहेबांनी लाखेचं सील फोडलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या तात्यांनी निवांतपणे तंबाखूची चंची उघडली. त्यांच्या लेखी त्या दिवसाचं काम संपलेलं होतं.

हिंगणवडी नगरपालिकेच्या स्मशानभूमीला वर्षभर लाकूड कुणी पुरवायचं, याच्या निविदा त्या दुपारी उघडत होत्या. आमचं पाकीट आधीच फुटलं होतं. दुसरं बोरपाडळच्या एका वखारवाल्याचं. हा माणूस आयुष्यात कधी हिंगणवडीला एक ढलपी घालणार नव्हता, पण पाकीट मात्र नेमानं घालायचा. कारण तीन पाकिटं आल्याशिवाय निविदा उघडायचीच नाही असा नियम. आणि नियम आला की आमच्याकडे त्याच्या भोवतीनं एखादी रीत उगवतेच.

रीत अशी होती. शहरात वखारी दोनच. एक माझ्या वडिलांची, म्हणजे तात्यांची, महिपती ढवळ्यांची. दुसरी त्यांच्या मित्राची, आनंदा खराड्यांची. एक वर्ष काम त्यांचं, एक वर्ष आमचं. ज्याची पाळी असेल त्यानं खरा दर भरायचा आणि दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा थोडा वरचा. या वरच्या दराच्या पाकिटाला दोघं ‘साथीचं पाकीट’ म्हणायचे. सरकारी भाषेत याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि तो शब्द काही गोड नाही. पण त्या दोघांना त्यात पाप दिसत नव्हतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आपण बसलेलो नाही, दर वाजवीच भरायचा, हे त्यांनी एकमेकांना बजावलेलं होतं. त्या वर्षी पाळी खराडेकाकांची होती आणि साथीचं पाकीट आमचं.

भाऊसाहेबांनी कागद उलगडला, वाचायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. चष्मा पुसून त्यांनी तो कागद परत डोळ्यांसमोर धरला. मग दर वाचला. तो आमच्या दरापेक्षा वर होता.

“म्हणजे ढवळ्यांचा सगळ्यात कमी,” ते म्हणाले. आवाजात जरा आश्चर्य होतं. ही रीत त्यांनाही पाठ होती.

तात्यांच्या तळहातावरचा चुना तसाच राहिला. हॉलमध्ये गटार साफ करणारे, दिवे बसवणारे, खडी घालणारे असे सगळे ठेकेदार आपापल्या निविदांसाठी बसलेले. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. काकांचा मुलगा सर्जेराव उठून उभा राहिला.

“तात्या, ह्ये काय क्येलंसा?”

तात्या त्याच्याकडे बघतच नव्हते. ते काकांकडे बघत होते. काका खाली मान घालून टोपीची घडी करत होते. घडी झाली, ती पुन्हा मोडली, टोपी डोक्यावर ठेवली आणि ते आमच्यासमोरून बाहेर निघून गेले. चप्पल पायात घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, एवढंच मला आठवतं.

“आबा कायबी बोलणार न्हाईत,” सर्जेराव म्हणाला, “पण गाव बोलंल. तुमच्या हातचं जेवलोय मी, तात्या.”

आणि तोही गेला.

आता आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. दोघं आमच्याच वखारीत बसले होते. माझं लग्न मोडून मी माहेरी आले होते आणि वखारीचं सगळं लिखाण माझ्याकडे होतं, त्यामुळे निविदेचा कागद माझ्या मांडीवर. काकांनी आपला दर सांगितला, तात्यांनी त्याच्या जरा वरचा मला सांगितला, आणि मी तो दोघांच्या देखत लिहिला. पाकीट चिकटवलं ते काकांनी. बोटाला थुंकी लावून चिकटवू लागले तेव्हा तात्या म्हणाले, “आंद्या, सरकारी कागद हाय, डिंक घी की.” त्यावर दोघं हसले.

मग काका उठून आमच्या थप्प्यांमधून फिरले. बाभळीची दोन ओंडकी उचलून त्यांनी एकमेकांवर आपटली. टणटण आवाज आला.

“किती दिस वाळलीया?”

“दोन उन्हाळं खाल्ल्यात,” तात्या म्हणाले. “का रं?”

“आणि मागं हाय न्हवं? वरीसभर पुरंल?”

“मला कशाला पुरायला पायजे? पाळी तुझी हाय.”

“तसं न्हवं, सहज इचारलं.”

“तूच सांग, गोठा का पाडलास? सागवानी हुता. बापानं बांधलेला.”

“जुना झाला हुता.”

“आणि लाकूड?”

“गेलं कामाला,” काका म्हणाले, आणि ओंडकी पुन्हा नीट रचून ठेवली.

निविदा उघडल्या त्या संध्याकाळी तात्या मला घेऊन खराड्यांच्या घरी गेले. हौसाकाकूंनी दार उघडलं. एरवी चहाचं आधण ठेवूनच बोलायला सुरुवात करणारी बाई, पण त्या दिवशी दारातच उभी राहिली. काका ओसरीवर खाटेवर बसले होते. सर्जेराव बाहेर गेला होता.

“आंद्या, आकडा चुकला का रं तुझा?”

काकांनी खाटेवरची वाकळ सारखी केली.

“चुकला आसंल तर सांग. मी उद्याच्या उद्या माघार घितो. माझा बयाणा जप्त हुईल, होऊ दे. माझं नाव काळ्या यादीत घालतील, घालू देत. दुसऱ्यांदा निविदा निघंल, मग तू भर.”

“माघार घ्यायची न्हाई,” काका म्हणाले.

“आरं पण पाळी तुझी…”

“महिपा, तू माघार घेतलीस तर माझं तोंड बगायचं न्हाई. निकाल लागला. लाकूड येळंवर घाल, वाळलेलं घाल, म्हंजे झालं.”

“मग पोरगं मला चारचौघांत फसव्या म्हणतंय, त्येचं काय? त्येला सांग की.”

काकांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी “बसा” म्हटलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. परत येताना मला तात्यांकडे बघवेना.

गाव मात्र बोललं. आमच्या गावाला बोलायला विषय लागतो, खरं-खोटं लागत नाही. कटिंगच्या दुकानात, पालिकेच्या पायऱ्यांवर, तालमीच्या कट्ट्यावर एकच गोष्ट: ढवळ्यानं जन्माच्या मित्राचा गळा कापला. एकाने तात्यांना ‘पाकीटराव’ नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तालमीच्या गणपतीची आरती दरवर्षी तात्या आणि काका जोडीनं करायचे. त्या वर्षी तात्यांना बोलावणं आलं नाही. त्या दिवशी ते धोतर नेसून तयार होऊन बसले होते. शेवटी मीच दार लावून घेतलं.

“तुम्ही सांगत का नाही?” मी त्यांच्यावर चिडले. “आकडा मी माझ्या हातानं लिहिलाय, त्यांच्या देखत. वाढवला तो त्यांनी.”

“कुणाला सांगू? पालिकेला? आमचं आदीच ठरलं हुतं म्हणून?”

“सर्जाला तरी सांगा.”

“त्येच्या बापाला त्येच्यापुढं खोटं पाडू?” तात्या म्हणाले. मग हळूच, जणू स्वतःशीच: “मला फकस्त कारण कळाय पायजे. का क्येलं त्यानं. बाकी लोकांचं काय, लोक दम लागला की गप बसत्यात.”

ते कारण हवं म्हणून माझ्या बापानं ते सगळं वर्ष वाट पाहिली. काका रोज सकाळी आमच्या वखारीवरून चालत जायचे. पूर्वी तो रस्ता त्यांचा नव्हता. कुंपणापाशी त्यांची चाल मंदावायची, थप्प्यांवरून नजर फिरायची, आणि ते पुढे निघून जायचे. तात्या दारात लाकडी स्टूल मांडून ठेवायचे, त्याच्यावर धूळ बसली की पुसायचे. एकदा त्यांनी हाकही मारली, “आंद्या, चहा हाय.” काका थांबले. वाटलं, आता येतील. पण त्यांनी फक्त हात वर केला आणि गेले. स्टूल तसंच रिकामं राहायचं आणि तात्या ते संध्याकाळी आत घ्यायचे.

लाकूड मात्र तात्यांनी असं घातलं की बघत राहावं. ट्रॉली भरताना एकेक ओंडकं वाजवून घ्यायचे. मला त्यांच्याबरोबर स्मशानात जायची सवय होती. आम्हा वखारवाल्यांच्या घरात त्याचा विटाळ मानून चालत नाही.

पौषात काका अंथरुणाला खिळले. तात्या दोनदा गेले, दोन्ही वेळा सर्जेरावानं दारातून परत लावलं. तिसऱ्यांदा निरोप आला तो काका गेल्याचाच.

आम्ही गेलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. तात्यांना बघून ती बाजूला झाली, पण वाट देण्यासाठी नव्हे. तात्या तुळशीपाशी उभे राहिले. मी आत गेले. हौसाकाकूंनी माझा हात धरला आणि बाकीच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “मालन, तात्याला सांग, लाकूड भरून घाटावर आणून ठेव म्हणावं.”

“काकू, सर्जा आमचं लाकूड नाही घेणार. तो म्हणतोय, आबांना स्वतःच्याच वखारीचं घालायचं.”

“मला ठाव हाय त्यो काय म्हणतोय,” काकू म्हणाल्या. “भरून ठेव म्हणावं. ह्यांनीच सांगून ठेवलंय.” आणि त्यांनी माझा हात सोडला.

सर्जेरावानं बापासाठी काही कमी केलं नव्हतं, हे मला आजही म्हणायला हवं. आपल्या वखारीतली सगळ्यात जाड, सरळ, देखणी ओंडकी त्यानं स्वतः निवडून आणली होती. निलगिरीची. साल गुळगुळीत, कापलेल्या तोंडाशी पांढरीशुभ्र. चिता रचली तेव्हा लोक म्हणाले, राजाला शोभंल अशी झाली. आमची ट्रॉली लांब, चिंचेखाली उभी होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

अग्नी दिला. कापूर पेटला, गोवऱ्या पेटल्या, वरचं तूप भडकून विझलं. आणि मग धूर झाला. नुसता पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर. ओंडक्यांच्या तोंडातून पाणी उकळून फेस यायला लागला, आणि त्याचा चर्र आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला. सर्जेरावानं आणखी तूप ओतलं. मग कुणीतरी रॉकेलचा डबा आणून दिला, तोही ओतला. जाळ उठायचा आणि बसायचा. एकेक माणूस दुसरीकडे बघायला लागला. कुणी पायातला खडा काढू लागलं, कुणी नदीकडे तोंड करून उभं राहिलं. सर्जेराव एकटाच चितेभोवती फिरत होता, ओंडकी ढकलत होता, आणि त्याच्या तोंडून “पेटतंय, पेटतंय आता” एवढंच निघत होतं. मला त्याचा राग होता, पण त्या वेळी तो कुठे गेला कळलं नाही.

घाटाचा रखवालदार बापू आमच्या ट्रॉलीपाशी येऊन उभा राहिला.

“दोन सालामागं, ह्यांचा ठेका हुता तवा, असंच व्हायचं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पोरगं ट्रॉली खाली करून जायचं माघारी, त्येला काय दिसनार? बिल वजनावर. ओलं लाकूड वजनाला भरतंय. मग आबाच यायचं, हातगाड्यावर लाकूड घिऊन. सागवान. गोठ्याचं, म्हणायचं. कुणाला बोलू नगंस, बापू, म्हणायचं.”

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते चालत चितेपाशी गेले. उरलेल्या ढिगातली निलगिरीची दोन ओंडकी त्यांनी उचलली आणि एकमेकांवर आपटली.

बद्द असा आवाज आला.

त्यांनी पुन्हा आपटली. पुन्हा तसाच. मग ती ओंडकी त्यांच्या हातातून खाली पडली आणि माझा बाप, ज्याला मी आईच्या मरणातही उभाच पाहिला होता, तो तिथं मातीत खाली बसला.

“आंद्या,” ते म्हणाले, “आरं, मला तरी सांगायचंस की रं.”

मी त्यांच्याजवळ गेले. मला सगळं एका क्षणात कळलं, असं नाही. थोडं थोडं कळत गेलं. पाळी स्वतःची असताना काकांनी दर वाढवला होता तो हरण्यासाठी. पुन्हा वर्षभर कुणाचं माणूस असं अर्धवट जळू नये म्हणून. पालिकेला सांगितलं असतं तर मुलाचं नाव काळ्या यादीत गेलं असतं. तात्यांना सांगितलं असतं तर तोंडानं म्हणावं लागलं असतं की माझं एकुलतं पोर मेलेल्यांना फसवतंय. ते त्यांच्या तोंडून निघालं नसतं. म्हणून त्यांनी मित्र गमावला आणि रोज त्याच्या कुंपणावरून लाकूड बघत गेले.

तात्या उठले. डोळे धुरानंच लाल झालेत असं दाखवत त्यांनी हात झटकले.

“मालन, ट्रॉली आण.”

सर्जेराव आडवा आला नाही. त्याच्या अंगात आडवं यायचं त्राण नव्हतं. बापू, मी, तात्या, आणि मग एकेक करून मघाशी नदीकडे बघणारी माणसंही आली. निलगिरी जेवढी काढता आली तेवढी काढली, खाली आणि बाजूनं बाभूळ घातली. थोड्या वेळानं जाळ धरला. या वेळी तो बसला नाही. माणसं एक पाऊल मागं सरली, आणि सर्जेराव गुडघ्यावर बसून रडला, मोठ्यानं, लहान मुलासारखा.

ऊन उतरलं तेव्हा लोक पांगले होते. आम्ही तिघंच राहिलो होतो. सर्जेराव तात्यांच्या शेजारी येऊन बसला.

“तात्या, एक इचारू?”

“इचार.”

“आबांनी त्यो दर… मुद्दाम वाढवला हुता का? त्यास्नी माझ्या लाकडाचं ठावं हुतं?”

मी तात्यांकडे पाहिलं. आता सांगतील. वर्षभर अंगावर घेतलेलं सगळं आता उतरवून ठेवतील. गावात ताठ मानेनं फिरतील, गणपतीची आरती करतील. बोलायला साक्षीला मी होतेच.

तात्या जाळाकडे बघत होते.

“न्हाई,” ते म्हणाले. “तुझ्या बाला काय ठावं न्हवतं. दर मी पाडला. आदल्या सांजंला त्येला एक सांगितला, आणि पाकिटात दुसराच घातला. लोभ सुटला मला.”

सर्जेरावानं बाजूला पडलेली एक ढलपी जाळात टाकली.

“तुझ्याबद्दल त्यो माझ्यापाशी एकच बोलायचा. पोरगं माझ्यापेक्षा शाणं निघालं म्हणायचा.”

सर्जेरावानं उपरण्यानं तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उतरलं, त्याला मी समाधानच म्हणेन. “मला वाटलंच हुतं,” तो म्हणाला. “तुम्हीच आसणार.” मग थोडं थांबून, “पण आज लाकूड दिलंसा. त्ये इसरणार न्हाई.”

घरी जाताना मी तात्यांशी भांडले. ट्रॅक्टरच्या आवाजात ओरडून भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “आंद्यानं सगळं घालवून जे झाकलं, त्ये मी उघडं करू व्हय?”

याला आता पुष्कळ वर्षं झाली. सर्जेराव पुढे बदलला. त्या दिवसानंतर ओलं लाकूड त्याच्या वखारीतून स्मशानात गेलं नाही. पाळीची रीत मोडली ती मोडलीच, दोघंही खरे दर भरू लागले, कधी त्यांना मिळालं, कधी आम्हाला. तात्यांना मात्र गावानं शेवटपर्यंत पाकीटराव म्हटलं. आधी पाठीमागं, मग म्हातारपणी कौतुकानं, तोंडावरही. ते हसायचे. दारातलं स्टूल त्यांनी हलवू दिलं नाही.

तात्या गेले तेव्हा ठेका खराड्यांचा होता. सर्जेरावानं ट्रॉली स्वतः आणली. त्याचेही केस पांढरे झालेत. एकेक ओंडकं उचलून तो दुसऱ्यावर वाजवत होता, कान देऊन ऐकत होता आणि मगच खाली ठेवत होता. टणटणीत बाभूळ. जाळ पहिल्या काडीला धरला.

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. डोळे भरलेले होते.

“मालनताई, असा माणूस हुणार न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या आबास्नी एकदा फसवलं त्यांनी, तेवढं सोडलं तर.”

“व्हय,” मी म्हणाले. “तेवढं सोडलं तर.”